चहाच्या टेबलावरचं बोलणं

नियम राजदूतांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. तसा माणूस केव्हाच निवृत्त झालेला. पण औषधांच्या आणि लशींच्या करारांसाठी देशोदेशी आयुष्यभर घासाघीस केलेली, म्हणून वाटाघाटींच्या या प्रशिक्षणात सगळे त्यांना अजून राजदूतच म्हणत. "खरे सौदे सभागृहात होत नाहीत, चहाच्या टेबलावर होतात," ते म्हणाले. "आणि टेबलावरचं बोलणं सभागृहात आणायचं नाही." सिस्टरने ते अगदी गाठीशी बांधलं. तिचं हेच तर वाईट, कुणी काही सांगितलं की ही बाई खरं धरून चालते!

सिस्टर म्हणजे घटसर्पाच्या वॉर्डात उमेदीची वर्षं घालवलेली नर्स. शेवटच्या दिवशी लुटुपुटीची वाटाघाट व्हायची होती, आणि तीत जो बाजी मारेल तो खऱ्या शिष्टमंडळात जाणार होता. विषय सिरमचा. घटसर्पाने घसा बंद होत आलेल्या पोराला ते वेळेत टोचलं तर पोर वाचतं. पण ते सगळ्यांना पुरेल इतकं कधी नसतंच, म्हणून आधी कुणाला द्यायचं याची भांडणं.

सिस्टरची स्वतःची मुलगी घटसर्पानेच गेली होती. "सिरम संपलं होतं," असं तिने नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी, साधा माणूस. त्याने ते मानलं, ढसाढसा रडला आणि त्यानंतर हिला एका शब्दाने कधी दुखावलं नाही. उलट, "तू तरी काय करणार होतीस?" म्हणून हिलाच थोपटत राहिला. त्या थोपटण्याने हिचा जीव जळायचा, कारण सिरम संपलेलं नव्हतं.

हे तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते प्रशिक्षणातल्याच एका वकिलीणबाईला. दोघी एका खोलीत राहायच्या. हिचं डोकं चढलं की ती बाम चोळून द्यायची, हिच्या भाषणातल्या चुका काढायची, "अगं, नुसतं गुळमुळीत काय बोलतेस, ठणकावून सांग की!" म्हणून दटावायची. शेवटच्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर ती म्हणाली, "जो सर्वांत अत्यवस्थ, त्याला आधी, या एका मुद्द्यावरून तू जराही हलत नाहीस. का गं?" सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं आणि पोटातलं सगळं ओतलं. ऐकता ऐकता वकिलीणबाईचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, खरंच भरून आले होते.

समारोप म्हणून घरच्यांना बोलावलेलं. सिस्टरचा नवरा मागच्या रांगेत, नवा सदरा घालून, मांडीवर तिची पिशवी धरून बसला होता. बायको माइकवर बोलतेय म्हणून त्याची छाती कशी फुगली होती!

सिस्टर गरीब देशांची प्रतिनिधी होती; वकिलीणबाई श्रीमंत देशांच्या बाजूने उभी राहिली. आवाज लोण्यासारखा.

"माननीय प्रतिनिधी म्हणतात, सर्वांत अत्यवस्थ असेल त्याला आधी. हा नियम त्यांनी स्वतः कधी पाळलाय का?"

सिस्टरने राजदूतांकडे पाहिलं. हे टेबलावरचं आहे, थांबवा हिला, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण तसं म्हणायचं तर टेबलावर काय झालं तेही सांगावं लागलं असतं.

"उत्तर द्या, प्रतिनिधी," राजदूत म्हणाले.

"पाळलाय."

"वॉर्डात सिरमची शेवटची बाटली होती. एका खाटेवर शेजाऱ्यांचा मुलगा, दुसरीवर तुमची मुलगी. तुम्ही कुणाला दिलीत?"

"मुलाला. त्याचा श्वास जास्त अडकला होता."

"तो वाचला?"

"नाही."

"आणि मुलगी तेव्हा वाचण्यासारखी होती?"

सिस्टरने टेबलाची कड घट्ट धरली. "होती," ती म्हणाली.

"म्हणजे या नियमाने एका बाटलीत दोन मुलं गेली," वकिलीणबाई सभेकडे वळून म्हणाली. "आमचा प्रस्ताव एवढाच, की ज्याची वाचण्याची शक्यता जास्त, त्याला आधी."

टाळ्या पडल्या, अगदी कडकडून. राजदूतांनी तिथल्या तिथे वकिलीणबाईचं नाव जाहीर केलं. सिस्टर त्यांच्यापाशी गेली. "सर, टेबलावरचं आणायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"सांगतोच मी," ते समजुतीने म्हणाले. "नाही तर टेबलावर बोलणार कोण? बाई, तुमचा स्वभाव या कामाचा नाही." आणि ते फोटोसाठी पुढे सरकले. मेल्याला एवढीसुद्धा लाज वाटली नाही!

नवरा दाराशी उभा होता. लोक बाजूने हसत-बोलत जात होते, कुणी कुणाला पेढ्याची आठवण करून देत होतं. ती जवळ आली तरी तो तिच्याकडे बघेना.

"बाटली होती?"

"एकच होती हो."

"म्हणजे होती."

त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग अगदी हळू विचारलं, "ती शुद्धीवर होती का गं? तू त्याला टोचत होतीस, ते तिने पाहिलं?"

"नाही" म्हणाली असती तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्या वॉर्डात तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं.

"पाहिलं," ती म्हणाली. "तिला वाटलं, आता तिची पाळी. तिने हात पुढे केला होता."