चढावरची क्रोमपट्टी

गवंडीबुवांनी आयुष्यभर भिंती बांधल्या आणि त्यातली एकही सूतभरसुद्धा वाकडी गेली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. त्यामुळे जुन्या पिकअपच्या दारांवर क्रोमची चकचकीत पट्टी चिकटवणं म्हणजे त्यांना हातचा मळ वाटला.

पण त्या पट्टीवर त्यांनी फार मोठी भिस्त ठेवली होती. लेक दुसऱ्या गावी रोपवाटिका काढायला निघाली होती आणि तिला कुंड्या-माती वाहायला गाडी हवी होती. बुवांची पिकअप दारातच उभी. इंजिन ठणठणीत, फक्त विटा आणि सळया वाहून दारांवर ओरखडेच ओरखडे. "हीच घेऊन जा की," बुवा म्हणाले होते. "बघू," लेक म्हणाली होती. त्यांच्या घरात आजवर कुठल्याही 'बघू'चं 'हो' झालेलं नव्हतं. त्यात आज सकाळी ती एका ओळखीच्या माणसाने विकायला काढलेली नवी गाडी बघायला गेली, तेव्हा बुवांना फारच लागलं. आपली गाडी तिला नको असेल तर आपलं काय हवं असणार, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग ते उठले, ती यायच्या आत ओरखडे झाकायचे ठरवून दुकानातून पट्ट्या घेऊन आले.

तयारी त्यांनी मन लावून केली. दारं साबणाने धुतली, वाळवली, स्पिरिटच्या बोळ्याने तेलकटपणा काढला, लेकीच्या केस वाळवायच्या यंत्राने पत्रा कोमट केला. दुकानदाराने बजावलं होतं की मागची लाल फीत सोलून पट्टी एकदा दाबली की संपलं, उचलून पुन्हा लावायची सोय नाही. बुवांना सोय नकोच होती. त्यांनी भिंतीची पातळी बघायची आपली पाणसळ काढली, पट्टीवर टेकवली आणि आतला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत श्वास रोखून धरला. बुडबुडा थांबला तशी त्यांनी पट्टी दाबली. पुढचं दार झालं, मागचं झालं. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की दाराची खालची कड पट्टीशी जुळत नाही. 'कारखान्यात दारच वाकडं बसवलंय,' ते मनाशी म्हणाले, 'आजकाल कामाची कोणाला चाड राहिली नाही.'

इतक्यात त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली. बाई शिवणकाम करायची. तिने एकवार पट्टीकडे पाहिलं, कप पायरीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"काय झालं दात काढायला?"

"अहो, गल्ली चढाची आहे! गाडी तोंड वर करून उभीय, आणि तुम्ही पट्टी जमिनीच्या हिशेबाने लावलीत. पुढे चार बोटं खाली उतरलीय बघा. ही काय भिंत आहे का? ही सपाट रस्त्यावर जाणार ना!"

बुवा दहा पावलं मागे गेले. डोळे बारीक केले. कपाळाला हात लावला.

"मला एका शब्दाने विचारलं असतंत तर," बायको आता हसू आवरून म्हणाली, "काठ कापडाच्या कडेला धरून लावतात. जमिनीकडे बघून नाही." आणि तिने आतून खडू आणि टेप आणला. दुसऱ्या बाजूच्या दारांवर कडेपासून मोजून खुणा केल्या, खुणा जोडून रेघ मारली. रेघेवर पट्टी बसली ती अशी की जणू गाडीबरोबरच जन्मली. बुवा दाबायचं काम करत होते. रागही येत होता आणि बायकोचं कौतुकही वाटत होतं.

"आता ती वाकडी काढायची," ते शेवटी म्हणाले. "तुझा जाड दोरा दे. मागून करवतीसारखा ओढला की गोंद सुटेल."

दोरा पट्टीमागे घातला तोच लेक आली. ती गाडीभोवती फिरली. एका बाजूला थांबली, दुसऱ्या बाजूला जास्त वेळ थांबली. मग तिने पायरीवरची पाणसळ उचलली आणि त्या वाकड्या पट्टीवर टेकवली. बुडबुडा मधोमध.

"बाबा, ही इथे बरोब्बर सरळ आहे."

"इथेच," आई हळूच म्हणाली.

"मग दोरा काढा तो."

"वेडी आहेस का?" बुवा म्हणाले. "लोक हसतील तुला. आणि तुझी ती नवी गाडी?"

"चांगली होती. पण मला हीच हवी होती." तिने पाणसळ पुन्हा पायरीवर ठेवली. "घरापुढची गाडीची जागा रिकामी दिसली की तुम्हाला करमणार नाही, म्हणून 'बघू' म्हटलं होतं. आता ही पट्टी सरळ बघायची असेल तर गाडी इथेच आणून लावावी लागणार. येत जाईन ना मी."

बुवांनी दोरा गुंडाळला, चांगला तीनदा गुंडाळला, आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. तो चहा त्यांना फार गोड लागला.

लेक गाडी घेऊन गेली. सपाट गावात लोक विचारत, ही एका बाजूची पट्टी अशी घसरलेली का? ती सांगे, घसरलेली नाही, आमच्या घरापुढचा रस्ताच तसा आहे.

महिन्याभराने गल्लीत ओळखीचं इंजिन वाजलं. बुवा चपलाही न घालता बाहेर आले, हातात पाणसळ. लेक उतरायच्या आधी त्यांनी ती पट्टीवर ठेवली आणि वाकून पाहिलं. बुडबुडा हलला, हलला आणि मधोमध येऊन थांबला.

तेव्हा कुठे ते म्हणाले, "आलीस?"