चष्मा बदलायचे शनिवार

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मीरानचं जग म्हणजे सोलमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि इमारतीखालचं दुकान. तेही सासूबाईंचा डोळा लागला की धावतपळत जाऊन यायचं.

बुसानहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आईला तो आभासी जग दाखवणारा चष्मा घ्या ना. पडल्या पडल्या तिला गांगन्युंगचा समुद्र दिसेल. बिचारी कोंडून पडलीय."

कोंडून कोण पडलंय, हे मीरानच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती "बरं" म्हणाली.

शनिवारी दुपारी नवरा, तेसिक, घरी थांबायला तयार झाला आणि मीरान योंगसानच्या बाजारात गेली. दुकानदार प्यो चांगलाच बोलका होता. "कोणासाठी हवाय? नंबर आहे का त्यांना? डोकं केवढं?" मीरानने दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते डोकं ती एक दिवसाआड धूत होती. त्याने एकेक चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. एकात बर्फाचे डोंगर होते, एकात मासे. तिने डोंगरवाला घेतला. परतताना हातगाडीपाशी उभं राहून माशाच्या गरम वड्या खाल्ल्या. अर्धा तास तिला कुणी हाक मारली नाही.

घरी पट्ट्याची मागची कडी उशीत रुतायला लागली. "टोचतंय," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी प्यो हसला. "झोपून बघणार हे आधी नाही का सांगायचं, ताई?" त्याने मऊ पट्ट्याचा दिला, पण तो पुढून जड निघाला. सासूबाईंच्या नाकावर वळ उठला. तिसरा अगदी हलका होता. तो दहा मिनिटं लावून त्या म्हणाल्या, "डोकं गरगरतंय."

चौथ्या शनिवारी तिसरा चष्मा परत करून मीरान नदीकाठी जाऊन बसली आणि रिकाम्या हाताने घरी आली. "नवा माल पुढच्या आठवड्यात येणार आहे म्हणे."

"चार शनिवार!" तेसिक वैतागला. "एक चष्मा निवडता येत नाही तुला? दुसऱ्या दुकानाचा माणूसच घरी बोलावतो मी."

बुधवारी माणूस आला. झोपलेल्या माणसाला समोर दिसेल असं त्याने चित्र छताकडे वळवून दिलं, पट्टा बसवला. "कसं वाटतंय, आजी?"

तेसिक उशाशीच उभा होता. "छान आहे," सासूबाई म्हणाल्या. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

शनिवारी तेसिक ऑफिसच्या मित्रांबरोबर डोंगर चढायला गेला. मीरान स्वयंपाकघरात मुळा चिरत होती. तिची सपासप चाललेली सुरी सासूबाईंच्या खोलीत ऐकू येत असावी.

"मीरान, इकडे ये. तूच लाव जरा हा."

तिने लावला. समोर समुद्र पसरला. ती दोन पावलं पुढे गेली आणि कपाटावर आदळली. चष्मा काढला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"लागलं का गं?"

"नाही, आई."

सासूबाईंनी तिच्या हातातून चष्मा घेतला. "त्या तिसऱ्याने काही गरगरत नव्हतं."

"मग तसं का म्हणालात?"

"तू बाहेरून यायचीस ना, तेव्हा गाल लाल असायचे तुझे."

"मग हाही टोचतो म्हणायचं होतं की!"

"तेसिक समोर उभा होता. त्याच्यापुढे जीभच वळली नाही माझी. मलाही त्याच्याच घरात राहायचंय ना."

संध्याकाळी तेसिक आल्यावर मीरान म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी बाहेर जाणार आहे."

"आता काय आणायचं राहिलंय?"

"काही नाही. नुसतीच जाणार."

"नुसतीच?" त्याला ते कळेचना. "बघू."

"बघू काय? तू घरी थांब," आतून सासूबाई ओरडल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस. समुद्र बघ."

तो एक शनिवार तेसिक थांबला. मग ऑफिसचं काम निघालं, मग कुणाचं लग्न. तीन महिन्यांत मीरानला दोन शनिवार मिळाले. बाकीच्या दुपारी सासूबाई चष्मा काढून बाजूला ठेवतात आणि मीरानला विचारतात, नदीकाठी तू कुठे बसली होतीस? गर्दी होती का? मीरान त्यांचे पाय दाबत पुन्हा सगळं सांगते.