रुचीचा नवस

भोसरीचं बिऱ्हाड भरून टेम्पो चिचगडकडे निघाला तेव्हा पलंग, कपाट, शिलाई मशीन सगळं मागे दोरांनी आवळलेलं होतं. पुढे रुचीची आई दुर्गेश्वरी हिच्या पायाशी मात्र एक पिशवी होती आणि त्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. तिच्यात छोटा कुकर, तांदूळ, मुरमुरे आणि ज्वारीच्या भाकरी. सहा वर्षांच्या रुचीला गहू चालत नव्हता. चपातीचा तुकडा पोटात गेला तरी पोट फुगायचं, जुलाब लागायचे, पोर वाळत चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव इंग्रजीत सांगितलं आणि इलाज मराठीत: गहू बंद, जन्मभर. रुचीला आईबापांनी एवढंच सांगितलं होतं की सध्या बंद.

उमेंद्र तसा वाईट बाप नव्हता. रात्र रात्र पोरीला खांद्यावर घेऊन फिरला होता. पण चारचौघांत तिच्या आजाराचं नाव निघालं की हा माणूस खाली बघायचा. कंपनी सुटली होती. मोठ्या भावाच्या, खुमेंद्रच्या, धानाच्या व्यापारात हात द्यायला तो गावी, चिचगडला, चालला होता. त्यात पुन्हा बिमारीची पोरगी! भावकीत एकदा शिक्का बसला की पोरीच्या लग्नापर्यंत पुसत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पोरगी अजून पहिलीत, आणि याला लग्नाची काळजी.

मेहकरच्या ढाब्यावर ते जेवायला थांबले. रुची दुधात भाकरी कुस्करून खात होती. टेम्पोवाला नंदलाल गोंदियाचा, तोंडाने मोकळा. त्याने विचारलं, "गरम रोटी सोडून पोरगी हे काऊन खाऊन राहिली जी? बिमार-विमार आहे का?"

"नाही, नाही," उमेंद्र घाईने म्हणाला. "नवस आहे तिचा. गहू सोडला आहे."

"अरे वा, बढिया!" नंदलालने हात जोडले आणि पुढे एक शब्द विचारला नाही. उमेंद्रला बरं वाटलं. इतकं सोपं होतं, तर आपण आधीच का नाही बोललो, असंही वाटलं.

हात धुताना दुर्गेश्वरीने त्याला गाठलं. "खोटं कायले बोलून राहिले तुम्ही?"

"मंग बिमारी सांगू का साऱ्या रस्त्यानं?"

दुसऱ्या दिवशी साकोलीला उमेंद्रच्या आत्याच्या, सुशिलाबाईंच्या घरी मुक्काम होता. त्यांनी पुऱ्या तळल्या होत्या. आपला मुलूख भाताचा. रोजच्या ताटात भात, पण पाहुणा आला की कढई चढलीच पाहिजे. पाहुण्याला नुसता भात वाढणं म्हणजे त्याला हलकं लेखणं. रुचीच्या ताटात पुरी पडणार, तोच उमेंद्रने नवस पुढे केला. कुलदेवाचा, म्हणाला. नव्या घरात पाय ठेवेपर्यंत गहू नाही, असं मुदतीचं शेपूटही त्याने तिथल्या तिथे जोडलं.

म्हातारीचे डोळे भरून आले. "एवढीशी पोर, आन केवढा नेम!" तिने रुचीला जवळ ओढलं. दुर्गेश्वरीने तोंड उघडलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

रुची मात्र ताठ बसली होती. आजवर न खाण्याबद्दल तिची कीवच झाली होती, कौतुक पहिल्यांदाच. सकाळी निघताना शेजारणीला तिने स्वतःच सांगितलं, "माझा नवस आहे." आणि सुशिलाबाईंनी चिचगडला फोन लावला.

नवसाला मुदत लावली की तो फेडावा लागतो, एवढी साधी गोष्ट उमेंद्रच्या ध्यानात आली नव्हती.

टेम्पो चिचगडला पोचला तर नव्या घरासमोर सडा, रांगोळी आणि आठ-दहा बाया. आत मोठी वहिनी चमेली चुलीजवळ घामाघूम. पुऱ्या, कणकेचा शिरा, देवासमोर पाट. खुमेंद्र स्वतः रुचीला उचलून आत घेऊन गेला.

"बस माय, पाटावर बस," चमेली म्हणाली. "पयला घास माह्या हातचा."

दुर्गेश्वरी धावत आली. "वहिनी, थांबा जी."

"आता कायले थांबाचं? नवस फिटला ना."

रुचीने शिऱ्याकडे पाहिलं. मग बापाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आनंदाने विचारलं, "बाबा, नवस फिटला म्हणजे आता माझं पोट कधीच नाही दुखणार ना?"

पोरीने उमेंद्रचं खोटं खरं मानलं होतं. मेहकरपासून ती बरी होण्याची वाट पाहत होती, आणि तो मात्र इज्जत राखली म्हणून खूश होता. रुचीने तोंड उघडलं. त्याने पुढे होऊन चमेलीचा हात धरला.

"नको, वहिनी. नवस-बिवस काही नाही. बिमारी आहे तिले. गहू कधीच चालणार नाही."

चमेलीने हात सोडवून घेतला. "लपवाचं होतं त मले सांगाचं होतं, भाऊजी. मी लपवली असती. देवाले कायले मधात घातलं?" मग तिने शिऱ्याचं ताट उचललं. "भात टाकते. इथं भाताले का तोटा आहे?"

उमेंद्र पोरीकडे वळला. बायांची त्याला आता पर्वा नव्हती.

"कधीच?" रुचीने विचारलं.

"बेटा..." तो खाली वाकला. रुची पाटावरून उठली, त्याच्या बाजूने वळसा घालून गेली आणि आईचा पदर धरून उभी राहिली.

"आई, भात तरी चालतो ना? खरं सांग."