विजेचा साक्षीदार

भीमाशंकरच्या डोंगराखालच्या वाडीत सोमाजी देवाचा भगत. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर रडायचं थांबेना, की लोक त्याच्याकडं धावायचे. त्याच्या अंगात वारं आलं की देव बोलायचा, आणि देव बोलला की वाडीतलं कुणी हूं की चूं करत नसे. सोमाजी ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर आज त्याला इतकं जड गेलं नसतं.

दिवाळीच्या तोंडावर भात कापताना त्याच्या सुनेवर, रत्नावर, वीज पडली. बिचारी जागच्या जागी गेली. मागं चार वर्षांची मुलगी राहिली. "आई कवा येणार?" असं विचारून विचारून तिनं सोमाजीचं काळीज कुरतडलं होतं. शेतकऱ्याचा अपघात विमा मिळेल, नातीच्या शिक्षणाची सोय होईल, एवढी एकच आशा त्या घरात उरली होती.

आज विमा कंपनीचा माणूस ओट्यावर येऊन बसला. "वीज पडताना कुणी पाहिलं का? त्यांचा जबाब लागेल."

पाहिलं होतं फक्त जानकूनं. तो शेजारच्याच खाचरात कापणीला होता. सोमाजीचा मुलगा, रत्नाचा नवरा ऋतिक त्याला बोलावून घेऊन आला.

जानकूला बघून सोमाजीनं मान खाली घातली. जानकूची बायको ठकूबाई बऱ्याच वर्षांमागं अशीच वीज पडून गेली होती. तेव्हाही विम्याची माणसं आली होती, आणि तेव्हा सोमाजीच्या अंगातला देव म्हणाला होता, "विटाळशी असून देवळात शिरली व्हती. म्या मारली तिला. कागदं करून देवाशी भांडू नगा!" जानकूनं विमा मागितलाच नाही. विम्याचं सोडा, पापिणीची लेक म्हणून त्याच्या पोरीला कित्येक वर्षं स्थळ आलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! सोमाजीच्या सुनेवर वीज पडली तेव्हा मात्र देव काहीच बोलला नव्हता.

"बोला बाबा, बाई कशानं गेली?" विमेवाल्यानं विचारलं.

"सोमाजीला इचारा. वाडीत कोण कशानं मेलं, त्योच सांगतो."

"जानकू, लेकरू लहान हाय रे," सोमाजी कळवळून म्हणाला.

"माझंबी लहानच व्हतं." जानकू खाली बसला. "मी सही करतो. पोरीचं वाटोळं करायला मला जमायचं न्हाई. पर आधी सांग. रत्नाला इजंनं मारलं, मग माझ्या ठकीला कुणी मारलं?"

देवानं मारलं म्हणावं, तर रत्नाही पापीण ठरत होती. विजेनं म्हणावं, तर जन्मभर आपल्या तोंडून बोललं कोण? ऋतिक बापाकडं बघत होता.

"इजंनं," शेवटी सोमाजी म्हणाला. "तिचा काय बी दोष नव्हता. मीच..."

जानकूनं जबाब दिला, सही केली. विमेवाला कागद घेऊन गेला, तरी जानकू उठेना. गुडघ्यात मान घालून तो तसाच बसून राहिला.

"इतकी वर्सं मीबी तिला शिव्याच घातल्या, सोमाजी," तो म्हणाला. "एकदा नाव काढून रडलो न्हाई. परत म्हण, तिचा दोष नव्हता."

सोमाजीनं परत म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं.