पिवळ्याची सोयरीक

झरीच्या पंचक्रोशीत व्यंकटरावांनी जमवलेल्या सोयरिका मोजायला बसलं तर चहा गार होईल. मुलाची उंची वाढवणं, मुलीचं वय थांबवणं, कोरडवाहू रानाला उभ्या उभ्या बागायती करणं, ही सगळी कामं ते बाजेवर बसून करत. त्यांचा नियम एकच. सोयरीक आपल्यातच करावी, आणि जितकी जवळची तितकी चांगली. त्यांनी जमवलेली पहिली सोयरीक सख्ख्या बहिणीची, पारूबाईची. तिला त्यांनी राणीसावरगावला आत्याच्याच घरी दिलं होतं, आणि ही गोष्ट ते प्रत्येक बैठकीत छाती काढून सांगत.

आता पारूबाईच्या शिवप्रसादला आपली निकिता द्यायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मामाची पोरगी भाच्याला. यात पोरीला विचारण्यासारखं काय आहे, हे त्यांना खरोखर कळत नव्हतं.

निकिताला मात्र कळत होतं. ती परभणीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पुण्याला शिकताना तिला समुद्री माशांचं वेड लागलं आणि नोकरी लागल्यावर तिनं घरच्या बैठकीच्या खोलीत पलंगाएवढा काचेचा टँक आणून बसवला. आत खडक, खडकावर जिवंत पोवळी, आणि शुद्ध पाण्यात मोजून कालवलेलं समुद्राचं मीठ. तिची आई बायनाबाई ह्या मिठावर फार चिडायची. खारंच पाणी पाहिजे तर आपल्या बोरचं काय वाईट आहे, असा तिचा रोकडा सवाल होता. लाईट गेली की माणसांचा पंखा बंद पडायचा आणि इन्व्हर्टरवर माशाची मोटर चालायची, तेही तिला सोसत नव्हतं.

टँकात मासा एकच होता. ताटलीसारखा चपटा आणि हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा. व्यंकटराव त्याला पिवळ्या म्हणत आणि सकाळचा चहा त्याच्यासमोरच घेत.

शिवप्रसादवरून घरात चार दिवस आदळआपट झाली. मग निकिता शांतपणे बापासमोर येऊन बसली.

"आबा, ह्या पिवळ्याला सोबती तुमीच निवडा," ती म्हणाली. "पुढच्या बाजारापर्यंत दोघं नीट राहिले तर मी आत्याच्या घरी जाते. न्हाई राहिले तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई."

एवढी सोपी अट कोणी फुकट घालत नाही, हे सोयरिका जमवणाऱ्या माणसाला वासावरून कळायला हवं होतं. पण स्वतःच्या हुन्नरावर कोणी बोट ठेवलं की व्यंकटरावांचं नाक बंद व्हायचं. त्यांनी जागच्या जागी होकार दिला.

पुण्याच्या दुकानदारानं मोबाईलवर फोटो पाठवले. व्यंकटराव चष्मा लावून एकेकाचं खानदान काढू लागले. एक बोटभर मासा वाळूत बीळ करून झिंग्याबरोबर राहतो, असं निकितानं सांगितलं. परजातीच्या घरात बिऱ्हाड करणारा घरजावई नको, म्हणून तो गेला. एक अर्धा जांभळा, अर्धा पिवळा होता. त्याच्या आईबापांबद्दल शंका घेऊन त्यालाही बाद केलं. शेवटी त्यांना हवा तो सापडला. तोच रंग, तीच उंची, तोच चेहरा, अगदी पिवळ्याचा चुलतभाऊ. "हाच," ते म्हणाले. "आपल्यातला हाय." निकितानं लगेच दुकानदाराला पैसे पाठवले.

मासा पुण्याहून पार्सलनं आला. परभणीच्या स्टँडवर ते स्वतः तो उतरवून घ्यायला गेले. निकितानं पिशवी टँकात तरंगत ठेवली, तिच्यात टँकाचं पाणी थोडं थोडं मिसळलं आणि पाहुण्याला आत सोडलं. बायनाबाईनं हळदकुंकवाची कुयरी आणली होती, ती तिच्या हातातच राहिली.

पिवळ्यानं पाहुण्याला एकदाच पाहिलं. मग असा अंगावर गेला, की व्यंकटरावांचा चहा सांडला. ह्या जातीच्या शेपटीपाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो. पाहुण्याच्या अंगावर ओरखडा उठला आणि तो कोपऱ्यात घुसला. निकितानं लगेच कपाटामागून भोकं पाडलेली प्लास्टिकची जाड फळी काढली आणि टँकाच्या मधोमध उभी केली. फळी अगदी मापात बसली.

"तुला ठाऊक होतं," व्यंकटराव म्हणाले.

तिनं नाकारलं नाही. सारख्या अंगाचे मासे एकाच खडकावर एकच शेवाळ खातात, म्हणून एकमेकांच्या जिवावर उठतात. वेगळ्या घडणीचा असेल तर पिवळ्या त्याच्याकडे बघतही नाही, असं तिनं समजावलं. व्यंकटरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणाच्या मधोमध सख्ख्या भावानं, माणिकरावानं, घातलेली भिंत होती. त्यांनी खिडकी लावून घेतली.

पण हार मानतील तर ते व्यंकटराव कसले? फळी असली म्हणून काय झालं, पाणी एकच आहे, खाणं एकच आहे, म्हणजे सोयरीक टिकली, असा हिशेब त्यांनी लावला. निकिता भांडून थकली. बाजाराच्या दिवशी पारूबाई पक्कं करायला आली. तिला त्यांनी टँकासमोर खुर्ची दिली आणि दोघे एकाच घरचे कसे गुण्यागोविंदानं नांदतात ते रंगवून सांगितलं.

पारूबाई बराच वेळ बघत राहिली. नवऱ्याशी बोलणं बंद होऊन तिला जमाना झाला होता. ती पुढच्या खोलीत रांधायची, तो मागच्या. निरोप शिवप्रसाद पोचवायचा.

"मधी ही फळी कशाची?" तिनं विचारलं.

"ते काई न्हाई. पाणी एकच हाय ना."

"दादा," ती म्हणाली, "आमच्या घरात बी पाणी एकच हाय."

 व्यंकटरावांना लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांच्याकडे उपरणंसुद्धा नव्हतं. बायनाबाईनं पानं वाढली, पण पारूबाई खुर्चीवरून उठेना. ही सोयरीक नको म्हणून शिवप्रसादला मी सांगते, असं ती निकिताला म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातल्या ओरखडलेल्या माशाकडे बोट केलं.

"आधी त्याला बाहेर काढ. मग मी जेवते."

निकितानं टबात खारं पाणी भरलं. टब कलंडू नये म्हणून व्यंकटरावांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.