चर हॅमरच्या पलीकडे

एकलहऱ्याच्या रस्त्याला लागून तापलेलं लोखंड ठोकून घडवणारा एक फोर्जिंगचा कारखाना होता. तिथल्या मोठ्या हॅमरच्या दणक्यांनी शेजारच्या पुंजारामच्या घराला भेगा पडल्या होत्या. कारखान्याच्या वतीने जमिनीची तपासणी करायला आलेल्या हर्षाली मॅडमना घण मारायला माणूस हवाय, असं कळताच तो आपणहून गेला.

जमिनीत ओळीने चोवीस जिओफोन, म्हणजे थरथर टिपणारी छोटी यंत्रं, रोवले होते. पुंजारामने लोखंडी प्लेटवर घण घातला, की जमिनीच्या वरच्या थरातून लाटा धावत आणि लॅपटॉपवर त्यांचा वेग उमटे. त्यावरून मऊ माती किती खोलवर आहे ते कळणार होतं, आणि दणके अडवायला चर किती खोल खणायचा तेही.

दिवसभर घण मारून त्याचे तळहात सोलले. त्याची बायको चतुराबाई दोनदा चहा घेऊन आली.

"ताई, चर झाल्यावर आमच्या भिंती राहतीन ना?"

हर्षालीने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "चर झाला की दणके अडतात."

चर होणार होता हॅमरच्या पलीकडे, कारखान्याच्या नव्या लॅबमधलं नाजूक यंत्र हलू नये म्हणून. त्यावर आपटून परतलेल्या लाटा अलीकडे, पुंजारामच्या घराकडे येणार होत्या. हर्षालीने हे मॅनेजर दीपक बोरस्तेंना सांगितलं.

"लॅबचं विचारलंय, तेवढंच लिहा," ते म्हणाले.

तिने तेवढंच लिहिलं.

चर झाला. लॅबमधलं यंत्र स्थिर झालं. तिसऱ्या आठवड्यात, भरदुपारी, चतुराबाई भाकरी थापत असताना मागची भिंत तिच्यावर आली. कमरेखालचं अंग गेलं.

हर्षाली शेवटचं मोजमाप घ्यायला आली तेव्हा पुंजाराम गेटवर उभा होता.

"मॅडम, चर तर झाला. मग दणके वाढले कसे?"

"तो चर लॅबसाठी होता."

"तवा बोलल्या का नाय?"

"तुम्ही विचारलं नाही." ती गाडीकडे वळली, मग थांबली. त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं तिला वाटलं. "तुमचे ठोके फार एकसारखे पडले होते. म्हणून तर डिझाइन इतकं अचूक झालं."

पुंजाराम घरी आला. उरलेल्या खोलीत चतुराबाईची खाट हॅमरच्या प्रत्येक ठोक्याला थरथरत होती.

"भेटल्या का ताई? काय म्हणल्या?"

त्याने तिला कुशीवर वळवलं, पाठीखालची चादर ओढून सरळ केली.

"आल्याच नाय त्या," तो म्हणाला.