फुकट पार्किंग, स्टेशन आठ मिनिटांवर

व्हर्नरच्या अटी तीन होत्या. खोली स्वस्त हवी, मोटार ठेवायला जागा फुकट हवी, आणि पायी जाता येईल इतक्यावर स्टेशन हवं. कोपनहेगनमध्ये या तीनपैकी दोन गोष्टी मिळवणाऱ्या माणसाचा खरं तर सत्कार व्हायला हवा. माझ्या नवऱ्याला तिन्ही पाहिजे होत्या. जूनपासून रोज जेवण झालं की तो चष्मा कपाळावर चढवून संगणकापुढे बसायचा आणि मी भांडी पुसायचे. मधूनच आतून आवाज यायचा, "एक सापडलं, पण पार्किंगचे वेगळे घेतात." मग पुढचा अर्धा तास घरात सुतकी शांतता.

निमित्त माझ्या धाकट्या बहिणीचं, बोडिलचं. तिच्या लग्नाला सप्टेंबरात पंचवीस वर्षं होत होती. आमच्याकडे रुपेरी लग्नाच्या दिवशी सकाळी सातला नातलग आणि शेजारी दारासमोर जमतात आणि गाणं म्हणून नवराबायकोला उठवतात. ती दोघं पाचपासूनच जागी असतात, पण झोपमोड झाल्याचं नाटक करत दार उघडतात आणि सगळ्यांना न्याहारी घालतात. सातला पोहोचला नाहीत तर मग दिवसभर तिथं असलात काय नि नसलात काय, सारखंच.

पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नाला आम्ही चर्चपाशी पोहोचलो तेव्हा तांदूळ उधळून झाले होते आणि कबुतरं ते टिपत होती. व्हर्नर पार्किंग शोधत होता. बोडिल काही बोलली नाही. आमच्या घराण्यात कुणी काही बोलत नाही, नुसतं लक्षात ठेवतात. मला ही एकच बहीण आहे, आणि गेली कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी हवामानाखेरीज फारसं काही बोललेलो नाही. या खेपेला तिनं दार उघडलं की तिला समोर मी दिसले पाहिजे, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी ट्रकच्या टपावर झोपायलाही मी तयार होते.

मग मोटार कशाला, असं कुणीही विचारेल. मोटार कमानीसाठी. दाराला हिरव्या फांद्यांची कमान लागते, आणि पश्चिम किनाऱ्यावर लेमविगजवळच्या आमच्या गावात जन्मलेल्या मुलीच्या दाराला शहरातल्या दुकानातली प्लास्टिकची माळ लागणार, हे शेजाऱ्यांना बघवेना. पाच घरांनी मिळून स्प्रूसच्या फांद्यांची जंगी कमान बांधली, ट्रेलरवर मावेल अशी दोन अर्ध्यांत, प्रत्येक अर्धी माणसापेक्षा उंच. एका अर्धीवर चंदेरी दोनचा आकडा, दुसरीवर पाचचा. आता ट्रेलर म्हणजे मोटार आली. पण मोटार शहराच्या आत न्यायला व्हर्नर तयार नव्हता. महागडं पार्किंग हे त्यानं सांगितलेलं कारण. खरं कारण सायकली. चौकात चारी बाजूंनी सायकलवाले आले की तो भर रस्त्यात मोटार थांबवतो. चाळीस वर्षं कापणीचं यंत्र चालवलेला माणूस हे मरेपर्यंत कबूल करणार नाही.

आणि हो, बोडिलकडेच का नाही उतरलात, हेही कुणीतरी विचारणारच. तिनं विचारलं होतं फोनवर, "राहाल ना आमच्याकडेच?" मी म्हणाले, "छे गं, तुला कशाला त्रास." आमच्या पश्चिम किनाऱ्यावर याचा अर्थ एवढाच की पुन्हा विचार. दुसऱ्यांदा विचारलं की "बघू" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, अगदी नाइलाज झाल्यासारखं, "बरं बाई, तू एवढं म्हणतेस तर." कॉफीच्या दुसऱ्या कपालाही आमच्यात हीच रीत. बोडिल याच रीतीत वाढलेली. पण कोपनहेगनच्या पाण्यात काय आहे कोण जाणे, ती म्हणाली, "बरं, तुमची सोय बघा," आणि पावसावर घसरली. मी आणखी दहा मिनिटं फोन कानाला धरून बसले. तिनं विचारलंच नाही. मला ते फार लागलं. व्हर्नरला मी सांगितलं, "त्यांना जमेलसं दिसत नाही." तेव्हापासून व्हर्नर संगणकापुढे.

ऑगस्टच्या शेवटी तो स्वयंपाकघरात आला तो एखाद्या विजयी सेनापतीच्या थाटात. क्रेन आणि ट्रक चालवायला शिकवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचं वसतिगृह होतं. शनिवार-रविवार शिकाऊ मंडळी घरी जातात, म्हणून खोल्या पाहुण्यांना देतात. शहराच्या पार पश्चिमेच्या टोकाला.

"फुकट पार्किंग," तो म्हणाला. "स्टेशन आठ मिनिटं. तिथून शहर बावीस मिनिटं. चादरी आपल्या न्यायच्या."

"उशा?"

"उशाही."

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. चादरी, उशा, टॉवेल, थर्मास, राय धान्याचा काळा पाव, त्यावर लावायचं लिव्हरचं सारण आणि मागे ट्रेलरवर कमान. घरून फक्त घर आणायचं राहिलं होतं. वाटेतल्या समुद्रावरच्या मोठ्या पुलावर टोल भरल्यानंतर व्हर्नर वीस किलोमीटर गप्प होता, पण नेहमीपेक्षा त्यात फार फरक पडला असं म्हणता येणार नाही.

पार्किंग मात्र होतं, खोटं का बोला. वीस ट्रक वळतील एवढं मैदान आणि त्यात आमची एकटी मोटार. व्हर्नर तिच्याभोवती दोनदा फिरला, इतक्या खुशीत मी त्याला आमच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. खोलीत दोन लोखंडी पलंग आणि भिंतीवर जड ओझं कसं उचलावं याचा तक्ता. संध्याकाळी आम्ही स्टेशनचा रस्ता बघून आलो. चोवीस मिनिटं लागली.

"आठ लिहिलं होतं," मी म्हणाले.

"सायकलनं होत असतील."

मग पलंगावर बसून पाव खाताना माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. तीन महिन्यांत तो दोघांच्याही डोक्यात आला नव्हता, हे आमच्या बुद्धीबद्दल पुरेसं बोलकं आहे.

"व्हर्नर, कमान बोडिलच्या दारापर्यंत कशी जाणार?"

"ट्रेलरवर आहे की."

"ट्रेलर इथं राहणार. आपण ट्रेननं जाणार."

तो घास चावत राहिला. पावाचा एक तुकडा एवढा वेळ चावता येतो हे मला माहीत नव्हतं.

"सकाळी सहाला रस्ते मोकळे असतात," मी म्हणाले. "मोटारच घेऊन जाऊ. दारात कमान उतरवू."

"आणि मग मोटारीचं काय करायचं? घडी घालून खिशात ठेवायची?" तो म्हणाला. "शिवाय फुकट जागा सोडून जायचं म्हणजे..." ते वाक्य त्यालाही पुरं करवेना. थोड्या वेळानं म्हणाला, "ट्रेनमध्ये सायकली फुकट नेतात. कमान काही सायकलीपेक्षा मोठी नाही."

"आडवी धरली तरी दुप्पट आहे."

"मग उभी धरू."

पहाटे पाचला आम्ही निघालो. तो पुढे दोन घेऊन, मी मागे पाच घेऊन. महामार्गाच्या कडेनं फांद्या सांडत पासष्टीची दोन माणसं चालली होती. एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. व्हर्नरनं त्याला हात केला. त्याला वाटलं ओळखीचा आहे.

ट्रेनमध्ये सायकलींच्या डब्यात आम्ही कमान उभी धरून उभे राहिलो. समोर टिकल्यांचा झगा घातलेली एक मुलगी रात्रभर नाचून परतत होती. तिनं एक डोळा उघडला.

"आजोबा, हे काय आहे?"

"कमान."

"दार कुठंय?"

"पुढच्या गाडीनं येतंय," मी म्हणाले. ती समाधानानं पुन्हा झोपली.

पाचव्या स्टेशनावर सगळ्यांना उतरवलं. रुळांचं काम होतं, पुढे बस. हे गेले तीन आठवडे जाहीर होतं म्हणे, पण व्हर्नरनं फक्त पार्किंग वाचलं होतं. बसचा ड्रायव्हर जाड मिशांचा आणि शांत होता. त्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"झाडं नाही घेत बसमध्ये."

"झाडं नाहीत ही," व्हर्नर म्हणाला. "रुपेरी लग्नाची कमान आहे."

"अभिनंदन. पण बसमध्ये नाही."

"माझ्या मेहुणीचं लग्न आहे."

"मग मेहुणीला सांगा पायी यायला," ड्रायव्हर म्हणाला. "दोन मिनिटांत निघतोय मी. माणसं यायची असतील तर या."

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. व्हर्नरनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. परत जायचं, मोटार आणायची, मग शहरात शिरून जागा शोधायची. चर्चसमोरची ती कबुतरं माझ्या डोळ्यांपुढे आली आणि माझं डोकं फिरलं.

"मी जाते," मी म्हणाले.

"आणि कमान?"

"तुझ्या त्या फुकटच्या मैदानात लाव. फार शोभेल तिथं." हातातलं पाच मी सायकलींच्या कठड्याला टेकवलं आणि बसमध्ये चढले. मागच्या काचेतून तो दिसत होता, दोन्ही बाजूंना फांद्या आणि मध्ये उभा. मला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

सातला चार मिनिटं कमी असताना मी बोडिलच्या रस्त्यावर वळले. तिच्या इमारतीच्या दाराशी बारा-पंधरा माणसं जमली होती, एकजण अकॉर्डियन घेऊन. दाराला अर्थातच दुकानातली माळ. माझ्या हातात कुणीतरी गाण्याचा कागद दिला आणि मी सरळ सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले, पश्चिम किनाऱ्यावर आम्ही असलं कधी करत नाही. पहिलं कडवं नीट म्हटलं. दुसऱ्या कडव्याला दार उघडलं, घरातल्या झग्यात बोडिल आणि तिच्यामागे तिचा नवरा प्रेबेन, आणि मी गाण्याचा कागद खाली केला.

"आलीस," ती म्हणाली.

"आले."

"व्हर्नर?"

"येतोय. पार्किंग शोधतोय."

सगळे हसले. ती हसली नाही. तिनं माझ्या केसांतून स्प्रूसची एक काडी काढली आणि झग्याच्या खिशात ठेवली. मला त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं.

वर घरात न्याहारीची गर्दी. गरम पाव, चीज आणि आठ वाजायच्या आत प्रत्येकाच्या हातात कडू दारूचा छोटा पेला. कोट ठेवायला मी आतल्या खोलीत गेले तर तिथं दोन पलंगांवर इस्त्रीच्या चादरी, पायथ्याशी घडी घातलेले टॉवेल. प्रेबेनकडचे कुणी उतरलेले दिसतात, मी मनात म्हटलं. त्यांना तीन-तीनदा विचारलं असेल. कडू दारू आणखी कडू लागली.

व्हर्नर आला पावणेदहाला. खांद्यावर अर्धी कमान, नुसतं दोन. मोटार त्यानं कुठल्याशा सुपरमार्केटच्या मागे लावली होती, दीड किलोमीटरवर, आणि एक माणूस एका वेळी एकच अर्धी उचलू शकतो, म्हणून पाच ट्रेलरवरच राहिलं होतं. प्रेबेननं ती दाराला टेकवून ठेवली. टेबलाशी खुर्ची उरली नव्हती, तेव्हा व्हर्नर खिडकीच्या कट्ट्याला टेकला आणि घाम पुसत आपली कर्मकहाणी सांगू लागला.

"याच इमारतीला चार वेळा वळसा घातला," तो म्हणाला. "मागच्या अंगणात एक जागा होती बरं का रिकामी, ट्रेलरसकट बसली असती. पण कुणा शहाण्यानं मधोमध स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवलेली. बापाची जागा असल्यासारखी."

प्रेबेननं हातातला पाव खाली ठेवला.

"ती खुर्ची माझी," बोडिल म्हणाली. "काल दुपारपासून ठेवलीय. वर कागद होता, तुमची नावं लिहून."

"लांबून वाचता येईना," व्हर्नर पुटपुटला.

"पलंगही परवाच घातलेत," प्रेबेन म्हणाला. "आलेच तर असू द्यावेत म्हणून."

व्हर्नर चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "तोवे, तू तर म्हणालीस त्यांना जमणार नाही."

टेबलाभोवतीची सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. अकॉर्डियनवालासुद्धा.

"तू एकदाच विचारलंस," मी बोडिलला म्हणाले.

तिनं कॉफीची किटली टेबलावर ठेवली. "दर वर्षी एकदा विचारते, तोवे," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली."

मग ती खाली जाऊन अंगणातली खुर्ची घेऊन आली, कारण व्हर्नरला बसायला काही नव्हतं.